पुनरावृत्ती की प्रमाद? : मेंदूच्या अध्ययनाविषयीचे वाद

मनुष्य शिकतो आणि शिकत असताना त्याच्या मेंदूत काही तरी बदल घडून येतो, एवढ्यापुरते आज सर्व अभ्यासकांचे एकमत आहे. हा बदल नेमका कशात होतो, तो कोठे साठून राहतो आणि त्याला योग्य ती दिशा कोण देतो, या तीन प्रश्नांपाशी मात्र हे एकमत संपते. मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत या विषयावरील उपपत्ती एकामागून एक अशा शांतपणे मांडलेल्या असतात की, त्यांच्यात मूलभूत विरोध आहे हे विद्यार्थ्याच्या ध्यानातच येत नाही. तो विरोध स्पष्ट करणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

विरोधाचे मूळ थोडक्यात असे सांगता येईल. एक पक्ष म्हणतो की, दोन गोष्टी वारंवार एकत्र घडल्या म्हणजे मेंदूत त्यांचा संबंध दृढ होतो. सराव हेच अध्ययनाचे कारण आहे. दुसरा पक्ष म्हणतो की, केवळ एकत्र घडल्याने मेंदू काहीही शिकत नाही. अपेक्षा एक होती आणि घडले दुसरेच, असा प्रसंग आला तरच तो शिकतो. अपेक्षित आणि प्राप्त यांतील या अंतराला मी येथे ‘प्रमाद’ म्हटले आहे. पाली ग्रंथांशी परिचय असलेल्या वाचकांनी हा शब्द मराठीतील ‘चूक’ या अर्थानेच घ्यावा. पालीतील ‘पमाद’ म्हणजे बेसावधपणा. धम्मपदातील अप्पमादवग्गाचा विषय तो आहे, हा नव्हे.

वादाचा आरंभ अध्ययनापासून झाला नाही, तो मेंदूच्या रचनेपासून झाला. इटलीतील कामिलो गोल्जी यांनी १८७३ साली चांदीच्या क्षारांनी चेतापेशी रंगविण्याची पद्धती शोधून काढली आणि मेंदू म्हणजे अखंड जाळे आहे असा निष्कर्ष काढला. स्पेनमधील सांतियागो रामोन इ काहाल यांनी हीच पद्धती वापरून नेमका उलट निष्कर्ष काढला: प्रत्येक चेतापेशी स्वतंत्र आहे आणि त्या एकमेकींना केवळ भिडतात. १९०६ साली नोबेल पारितोषिक या दोघांना विभागून मिळाले, आणि गोल्जी यांनी आपल्या पारितोषिक-व्याख्यानातच सहमानकऱ्याच्या मतावर टीका केली! पुढे काहाल यांचेच मत टिकले. पेशी जर सुट्या असतील तर त्यांच्यामधील संपर्कस्थानाला महत्त्व येते. १८९७ साली शेरिंग्टन यांनी त्याला ‘सिनॅप्स’ हे नाव दिले. बौद्धिक व्यायामाने पेशींमधील असे संपर्क वाढत असावेत, ही कल्पना काहाल यांनी १८९४ साली लंडन येथील व्याख्यानात मांडली होती. मानवी मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत व एकेका पेशीचे संपर्क हजारोंनी मोजावे लागतात, हे लक्षात घेतले म्हणजे या कल्पनेचा आवाका समजून येईल.

त्या कल्पनेला नियमाचे रूप दिले ते कॅनडातील मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब यांनी, १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात. एका पेशीने दुसरीला उद्दीपित करण्यात वारंवार आणि सातत्याने वाटा उचलला, तर त्या दोहोंमध्ये असा काही बदल होतो की पहिलीचे दुसरीवरील सामर्थ्य वाढते, असा या नियमाचा आशय आहे. एकदम उद्दीपित होणाऱ्या पेशी एकमेकींशी जोडल्या जातात, अशा अर्थाचे जे घोषवाक्य हेब यांच्या नावावर सर्रास खपते, ते त्यांचे नाही. ते कार्ला शॅट्झ यांनी १९९२ साली रूढ केले. शिवाय घोषवाक्य आणि नियम यांत महत्त्वाचा भेद आहे. हेब यांच्या विधानात कार्यकारणभाव आहे: पहिली पेशी आधी आणि दुसरी तिच्यामुळे नंतर. १९९७-९८ च्या सुमारास मार्कराम, तसेच बी आणि पू यांनी केलेल्या प्रयोगांत हा भेद प्रत्यक्ष दिसून आला. पहिली पेशी काही सहस्रांश सेकंद आधी उद्दीपित झाली तर जोड बळकट होतो. क्रम उलटला तर तोच जोड दुर्बळ होतो.

हेब यांच्या नियमाला प्रयोगाचा आधार मिळण्यास २४ वर्षे लागली. मध्यंतरी त्यांचेच गुरू कार्ल लॅशली यांनी स्मृतीचे स्थान शोधण्याचा नाद जवळजवळ सोडून दिला होता. उंदरांना चक्रव्यूहाचा मार्ग शिकवायचा, मग मेंदूच्या बाह्यकाचा निरनिराळा भाग कापून टाकायचा आणि स्मृती कोठून नाहीशी होते ते पाहावयाचे, असे प्रयोग त्यांनी अनेक वर्षे केले. कोणता भाग कापला यापेक्षा किती कापला यावरच विस्मरण अवलंबून आहे, असे त्यांना आढळले. १९५० साली त्यांनी उपरोधाने लिहिले की, हा सर्व पुरावा पाहता अध्ययन मुळी शक्यच नसावे असे कधी कधी वाटते. १९७३ साली टिम ब्लिस आणि टेर्ये लेमो यांनी ऑस्लो येथील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. सशाच्या हिप्पोकॅम्पस या भागाकडे जाणाऱ्या तंतूंना थोडा वेळ जलद विद्युत्स्पंद दिले असता तेथील सिनॅप्स कित्येक तास अधिक बळकट राहतात, असे त्यांनी दाखवून दिले. यालाच दीर्घकालीन दृढीकरण म्हणतात. १९८६ साली रिचर्ड मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे दृढीकरण रोखणारे औषध उंदरांच्या मेंदूत सोडले, तेव्हा पाण्याखाली दडविलेला चौथरा शोधण्याचे शिक्षण त्यांना नीट जमेनासे झाले. संबंधपक्ष, म्हणजे संबंधांच्या दृढीकरणातच सर्व अध्ययन पाहणारा पक्ष, येथे विजयी झाला असे अनेकांना वाटले.

वस्तुतः त्या पक्षाच्या मुळावरचा घाव त्यापूर्वीच, १९६० च्या दशकाच्या अखेरीस, बसला होता. तो घालणारे लिओन कामिन हे कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात उंदरांवर प्रयोग करीत होते. त्यांचा प्रयोग इतका साधा आहे की तो कोणालाही समजावून देता येतो. उंदराला आधी एक आवाज ऐकवावयाचा आणि पाठोपाठ विजेचा धक्का द्यावयाचा. थोड्याच वेळात उंदीर आवाजाला भिऊ लागतो. आता दुसरा टप्पा: आवाज आणि प्रकाश एकत्र द्यावयाचे आणि धक्का द्यावयाचा. असे अनेकदा करावयाचे. शेवटी नुसता प्रकाश दाखवून पाहावयाचे. पुनरावृत्तीचा नियम खरा असेल तर प्रकाश व धक्का अनेकदा एकत्र आलेले असल्यामुळे उंदराने प्रकाशालाही भ्यावयास हवे. तो जवळजवळ भीत नाही. पहिला टप्पा गाळून आवाज व प्रकाश सुरुवातीपासून एकत्र दिले तर मात्र तो प्रकाशाला भितो. म्हणजे प्रकाश त्याला दिसत होता, धक्का त्याला बसत होता, दोन्हींची सांगड वारंवार पडत होती. तरी तो काही शिकला नाही. कारण धक्का बसणार हे आवाजावरून त्याला अगोदरच ठाऊक होते. प्रकाशाने नवीन काहीच सांगितले नाही.

कामिन यांच्याविषयी आणखी एक गोष्ट येथे नमूद करणे आवश्यक वाटते. बुद्धी ही मुख्यतः आनुवंशिक असते, हे ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ सिरिल बर्ट यांनी जुळ्या भावंडांच्या आकडेवारीवरून सिद्ध केले आहे असे बराच काळ मानले जाई. कामिन यांनी ती आकडेवारी बारकाईने तपासली. जोड्यांची संख्या वाढत गेली तरी त्यांतील सहसंबंधाचा गुणांक तिसऱ्या दशांशस्थळापर्यंत तोच राहिलेला त्यांना दिसला. असे प्रत्यक्ष मोजमापात घडणे जवळजवळ अशक्य होय. १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी हे मांडले आणि बर्ट यांचे आकडे विश्वासार्ह राहिले नाहीत. जन्मावरून बुद्धी ठरविणाऱ्यांचा अनुभव या नियतकालिकाच्या वाचकांना नवा नाही. शिकणे कशामुळे घडते याचा काटेकोर शोध घेणाऱ्या माणसानेच जन्मसिद्ध बुद्धीचा हा पुरावा उघडा पाडावा, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही.

कामिन यांच्या निष्कर्षाला गणिती रूप दिले ते येल विद्यापीठातील रॉबर्ट रेस्कोर्ला आणि ॲलन वॅग्नर यांनी, १९७२ साली. त्यांचे सूत्र शब्दांत असे: प्रत्येक वेळी होणारे अध्ययन हे प्राप्त आणि अपेक्षित यांच्या वजाबाकीच्या प्रमाणात असते, आणि ‘अपेक्षित’ म्हणजे त्या क्षणी उपस्थित असलेल्या सर्व खुणांच्या अपेक्षांची बेरीज. धक्क्याचे मूल्य १०० मानू. आवाजाची अपेक्षा १०० झालेली आहे, प्रकाशाची शून्य. दोन्ही एकत्र दिल्यास अपेक्षा १००, प्राप्ती १००, वजाबाकी शून्य. म्हणून अध्ययनही शून्य. कामिन यांचा निष्कर्ष येथे आपोआप मिळतो. पण या सूत्राचे खरे सामर्थ्य दुसऱ्या एका भाकितात दिसले. समजा, आवाज आणि प्रकाश या दोन्ही खुणा स्वतंत्रपणे शिकवून प्रत्येकीची अपेक्षा १०० केली. आता त्या एकत्र दिल्या आणि नेहमीचाच धक्का दिला, तर अपेक्षा २०० आणि प्राप्ती १००. वजाबाकी उणे येते. म्हणजे दरवेळी धक्का बसत असूनही उंदराची दोन्ही खुणांविषयीची भीती कमी झाली पाहिजे. प्रयोगात तसेच घडले. पुनरावृत्ती चालू असताना अध्ययन उलट दिशेने जाते, ही गोष्ट निव्वळ सरावाच्या उपपत्तीने समजावून देताच येत नाही.

हे सर्व झाले वर्तनापुरते. मेंदूत ही वजाबाकी कोण करतो? याचे उत्तर अनपेक्षित दिशेने आले. वोल्फ्राम शुल्ट्झ हे माकडांच्या मेंदूतील डोपामीन स्रवणाऱ्या पेशींचे स्पंद मोजत होते. माकडाच्या तोंडात फळांच्या रसाचा थेंब पडला की या पेशी जोराने स्पंदित होत. रसापूर्वी ठरावीक खूण दाखविण्याचा क्रम माकडाच्या अंगवळणी पडल्यावर मात्र स्पंदन खुणेच्या क्षणी होऊ लागले, रसाच्या क्षणी होईनासे झाले. आणि खूण दाखवून रस दिलाच नाही, तर रस यावयाचा नेमक्या त्याच क्षणी पेशी नेहमीपेक्षाही शांत होत. १९९७ साली शुल्ट्झ, पीटर डायन आणि रीड मॉन्टेग्यू यांनी संयुक्त निबंधात दाखवून दिले की, यंत्रांना शिकविण्यासाठी सटन आणि बार्टो यांनी विकसित केलेल्या गणितातील प्रमादाची राशी आणि या पेशींचे स्पंदन यांत विलक्षण साम्य आहे. डोपामीन म्हणजे सुखाचे रसायन, ही वृत्तपत्री समजूत यापुढे टिकण्यासारखी नव्हती. सुखाशी नव्हे, तर सुखाच्या अंदाजात झालेल्या चुकीशी त्याचा संबंध दिसत होता.

साम्य म्हणजे कारण नव्हे, हा आक्षेप त्यावर रास्तपणे घेतला गेला. २०१३ साली स्टाइनबर्ग, जानक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कामिन यांचाच प्रयोग उंदरांवर, धक्क्याऐवजी गोड द्रव वापरून, पुन्हा केला. दुसऱ्या टप्प्यात, जेथे प्रमाद शून्य असल्याने काहीच शिकले जात नाही, तेथे त्यांनी डोपामीन-पेशी प्रकाशकिरणांनी कृत्रिमरीत्या उद्दीपित केल्या. उंदीर दुसरी खूण शिकले. प्रमाद नसताना प्रमादाचा संकेत उत्पन्न केला आणि अध्ययन घडले! या संपूर्ण विषयातील सर्वांत निर्णायक प्रयोग कोणता असे मला विचारले तर मी हाच सांगेन. तथापि वाद मिटला असे समजू नये. २०२२ साली सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील गटाने उंदरांवरील मोजमापांच्या आधारे वेगळा पक्ष मांडला. मेंदू खुणेवरून पुढे काय येणार याचा अंदाज करीत नसून, महत्त्वाची घटना घडल्यावर मागे वळून तिचे कारण शोधतो आणि डोपामीन हा त्या शोधाचा संकेत आहे, असे ते म्हणतात. कार्याकडून कारणाकडे की कारणाकडून कार्याकडे, हा तो वाद आहे आणि तो अद्याप चालू आहे.

यापेक्षा कठीण प्रश्न पुढेच आहे. डोपामीनचा संकेत मेंदूच्या विस्तृत भागात एकदम पसरतो. त्यात ‘अपेक्षेपेक्षा बरे’ किंवा ‘अपेक्षेपेक्षा वाईट’ एवढाच मजकूर असतो. परंतु बदल व्हावयाचा तो असंख्य सिनॅप्सपैकी नेमक्या काहींतच. शंभर जणांच्या समूहपठणात कोठे तरी शब्द चुकला आणि ऐकणाऱ्याने फक्त ‘चुकले’ एवढेच म्हटले, तर कोणी आपला उच्चार सुधारावा? सर्वांनी बदलला तर ज्यांचे बरोबर होते त्यांचेही बिघडेल. यालाच श्रेयविभागणीचा प्रश्न म्हणतात.

लहान मेंदूपुरते या प्रश्नाचे एक सुंदर उत्तर १९६९ साली डेव्हिड मार या तरुण इंग्रज अभ्यासकाने सुचविले. लहान मेंदूतील प्रत्येक पुर्किन्ये पेशीला दोन प्रकारचे तंतू येऊन मिळतात. एका प्रकारचे तंतू लाखाहून अधिक असतात; दुसऱ्या प्रकारचा तंतू फक्त एक, वेलीसारखा पेशीला वेढणारा. हा एकटा तंतू शिक्षकाचे काम करीत असावा आणि तो स्पंदित झाला की त्या वेळी कार्यरत असलेल्या इतर जोडांत बदल होत असावा, असे मार यांनी मांडले. हे जोड बळकट होतील असे मार म्हणाले; १९७१ साली जेम्स आल्बस यांनी ते दुर्बळ व्हावयास हवेत असा तर्क केला; आणि १९८२ साली टोकियो येथे मासाओ इतो व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते खरोखरच दुर्बळ होतात हे दाखवून दिले. तर्क आधी आणि प्रत्यक्ष नंतर, असे उदाहरण या शास्त्रात विरळा. तरीही २०११ साली अशा उंदरांवरील निष्कर्ष प्रसिद्ध झाले की ज्यांच्यात हे दौर्बल्य घडूच शकत नाही, पण हालचालींचे शिक्षण त्यांना व्यवस्थित जमते. तेव्हा तेथेही एकच मार्ग नाही असे मानावे लागते.

मोठ्या मेंदूच्या बाह्यकात असा एकेका पेशीचा स्वतंत्र शिक्षक आढळत नाही. यंत्रांच्या क्षेत्रात मात्र श्रेयविभागणीचा प्रश्न १९८६ साली रूमेलहार्ट, हिंटन आणि विल्यम्स यांच्या निबंधाने बहुतांशी सोडविला. कृत्रिम जाळ्याच्या शेवटच्या थरातील प्रमाद थराथरांतून मागे नेऊन प्रत्येक जोडाचा त्यात किती वाटा आहे हे गणिताने काढावयाचे, अशी ती पद्धती आहे. आजची बोलणारी आणि लिहिणारी यंत्रे मूलतः याच पद्धतीने शिकतात. २०२४ साली हिंटन यांना पदार्थविज्ञानाचे नोबेल मिळाले. मग मेंदूही असाच शिकत असेल काय? १९८९ साली फ्रान्सिस क्रिक यांनी या उत्साहावर थंड पाणी ओतले. चेतापेशीच्या तंतूतून संकेत एकाच दिशेने जातो. प्रमाद उलट वाहून नेण्यासाठी दुसरा मार्ग लागेल, आणि पुढे जाणाऱ्या प्रत्येक जोडाचे बळ त्या परतीच्या मार्गाला अचूक माहीत असावे लागेल. मेंदूत असे काही दिसत नाही. २०१६ साली लिलिक्रॅप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की परतीच्या जोडांची बळे अचूक नसून यादृच्छिक असली तरीही जाळे बऱ्यापैकी शिकते. त्यामुळे क्रिक यांच्या आक्षेपाची धार थोडी बोथट झाली. उलट २०२४ साली ऑक्सफर्डमधील बोगाच यांच्या गटाने असे मांडले की, मेंदू आधी आपली सक्रियता योग्य उत्तराशी जुळवून घेतो आणि मग त्यानुसार जोड बदलतात. म्हणजे क्रमच निराळा. यंत्राचे यश हा मेंदूविषयीचा पुरावा नव्हे, एवढे तरी यातून घ्यावे. लहान मूल काही थोडी वाक्ये ऐकून जे शिकते, त्यासाठी यंत्राला ग्रंथालयेच्या ग्रंथालये लागतात.

या वादात एक गोष्ट मला विशेष लक्षणीय वाटते. कोणत्याही उपपत्तीची कसोटी अखेर या प्रश्नावर लागते: तिने शिकवणारा कोठे लपवून तर ठेवला नाही ना? बरोबर उत्तर अगोदरच जाणणारा कोणी आत बसवला, तर अध्ययनाचे स्पष्टीकरण झाले नाही; ते केवळ एक पायरी मागे ढकलले गेले. अनात्मवादाचे संस्कार असलेल्या वाचकाला ही अडचण चटकन उमगेल. मात्र त्यावरून ‘हे सर्व अभिधम्मात पूर्वीच सांगितले आहे’ असे म्हणण्याचा मोह टाळावा. अभिधम्मकारांसमोर सिनॅप्स नव्हते आणि त्यांचे प्रश्नही हे नव्हते. अशी उसनी प्रतिष्ठा मिळविल्याने दोन्ही शास्त्रांचे नुकसानच होते.

पुनरावृत्ती आणि प्रमाद यांपैकी एकच खरा, असे मानण्याचे कारण नाही हे एका रुग्णाने दाखवून दिले. हेन्री मोलेसन यांच्यावर १९५३ साली अमेरिकेत अपस्मारासाठी शस्त्रक्रिया झाली आणि दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग काढला गेला. त्यानंतर नवी घटना त्यांच्या स्मरणात राहीना. पण आरशात पाहून ताऱ्याची आकृती गिरविण्याचे काम ब्रेंडा मिल्नर यांनी त्यांना दिले, तेव्हा त्यांचा हात दिवसेंदिवस सफाईदार होत गेला. आपण हे काम पूर्वी केले आहे याची मात्र त्यांना दर वेळी गंधवार्ताही नसे. हाताला शिकविणारी व्यवस्था आणि घटना लक्षात ठेवणारी व्यवस्था भिन्न आहेत. मग दोहोंचा नियम एकच असला पाहिजे हा आग्रह कशासाठी? हिप्पोकॅम्पसमध्ये तर २०१७ साली जेफ्री मॅगी यांच्या गटाला असा बदल आढळला की जो एकाच अनुभवाने होतो आणि ज्यात दोन संकेतांमध्ये कित्येक सेकंदांचे अंतर चालते. तेथे पुनरावृत्तीही नाही आणि हेब यांची सहस्रांश सेकंदांची जवळीकही नाही.

येथवर सर्व पक्षांनी एक गृहीत निमूटपणे मान्य केले होते: बदल होतो तो सिनॅप्समध्ये. रँडी गॅलिस्टेल यांना तेच मान्य नाही. २००९ साली ॲडम किंग यांच्यासह लिहिलेल्या ग्रंथात त्यांनी विचारले की, प्राणी अंतर, दिशा, कालावधी अशा राशी लक्षात ठेवतात आणि त्यांवर बेरीज-वजाबाकी करतात. जोडाच्या बळात संख्या कशी लिहावयाची आणि ती परत कशी वाचावयाची? त्यांच्या मते स्मृती पेशीच्या आत, एखाद्या रेणूत असली पाहिजे. हे मत ऐकून पुष्कळांनी कपाळाला आठ्या घातल्या, आणि त्याला इतिहासही कारण आहे. १९६० च्या दशकात शिकलेल्या चपट्या कृमींचे तुकडे न शिकलेल्या कृमींना खाऊ घालून ज्ञान संक्रमित होते असा दावा जेम्स मॅकॉनेल यांनी केला होता, आणि तो इतरांच्या प्रयोगशाळांत टिकला नव्हता.

पण अलीकडचे काही प्रयोग सहज बाजूला सारता येत नाहीत. २०१४ साली स्वीडनमधील लुंड येथे हेस्लो यांच्या गटाने फेरेट या मुंगूससदृश प्राण्याच्या एकाच पुर्किन्ये पेशीने ठरावीक कालांतराने थांबण्याचे शिक्षण कसे घेतले ते दाखविले. येणाऱ्या तंतूंना थेट उद्दीपित केले तरी ते कालमान टिकून राहिले. म्हणजे वेळेची स्मृती जाळ्यात नसून त्या पेशीत असावी. २०१५ साली तोनेगावा यांच्या गटाने उंदरांना प्रथिननिर्मिती रोखणारे औषध देऊन सिनॅप्सचे दृढीकरण होऊ दिले नाही. नेहमीच्या खुणेने उंदरांना भीती आठवेना. पण शिकताना कार्यरत असलेल्या पेशी प्रकाशकिरणांनी उद्दीपित करताच ती परत आली. २०१८ साली ग्लँझमन यांच्या गटाने एका सागरी गोगलगायीचे आरएनए दुसरीत टोचून संवेदनशीलता संक्रमित झाल्याचा दावा केला. या तिसऱ्या प्रयोगाविषयी मी स्वतः अधिक सावध आहे; संवेदनशीलता वाढणे आणि एखादी विशिष्ट गोष्ट शिकणे यांत बरेच अंतर आहे.

गॅलिस्टेल यांचे आवडते उदाहरण वाळवंटी मुंगीचे आहे. सहारातील ही मुंगी अन्नाच्या शोधात वेडीवाकडी भटकते आणि अन्न सापडताच सरळ रेषेत वारुळाकडे परतते. २००६ साली व्हिटलिंगर, वेनर आणि वोल्फ यांनी अन्न सापडलेल्या मुंग्यांच्या पायांना डुकराच्या केसांचे तुकडे चिकटवून ते लांब केले. परतताना या मुंग्या वारूळ ओलांडून पुढे गेल्या. ज्यांचे पाय तोकडे केले होते त्या अलीकडेच थांबून शोधू लागल्या. म्हणजे त्यांच्याजवळ पावलांचा हिशेब होता. तो हिशेब एकाच फेरीत तयार होतो, पावलागणिक बदलतो आणि घरी पोहोचताच निरुपयोगी होतो. त्यात पुनरावृत्ती नाही, प्रमादही नाही. हा हिशेब केवळ पेशींच्या चालू स्पंदनात तात्पुरता राहतो, असे उत्तर संबंधपक्षाकडून दिले जाते. २०२२ साली मुंग्यांना थंडीने बधिर करून हे तपासले गेले. हिशेब नुसत्या स्पंदनात असता तर बधिरतेत तो पूर्णपणे पुसला गेला असता. शुद्धीवर आलेल्या मुंग्या बरोबर दिशेने निघाल्या; अंतर मात्र त्यांचे चुकले. दिशा कशात लिहिलेली होती आणि अंतर कशात, हे अजून कोणालाही दाखविता आलेले नाही.